सहा वाट्यांचा हात

डिसेंबरात लालबागच्या चाळींत सकाळी खोबरेलाची बाटली गॅलरीच्या कठड्यावर उन्हात ठेवतात.

*

एका कॅटलॉगच्या सत्तेचाळिसाव्या पानावर तीन ओळींचा तक्ता आहे. काच, कोरडी. काच, ओली. काच, तेलकट. पहिल्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ.

*

खडूचा फळा. वर मोठ्या अक्षरांत ‘सुस्वागतम्’. खाली कोपऱ्यात, पुसताना राहून गेलेलं: ‘…पाणी – दगडू’.

*

दोन महिन्यांची एक मुलगी रोज सकाळी दहाला रडायला लागते. तिला चोळायला येणारी बाई सोमवारपासून आलेली नाही.

*

हॉस्पिटलातून मिळालेली प्लास्टिकची पिशवी. आत चष्मा, रेल्वेचा पास, किल्ली आणि कापडाचं काहीतरी. गाठ सोडलेली नाही.

वाटी १

बुधवारी सकाळी रेमंड मिरांडा खोताच्या वाडीत ॲन्टोनेट परेरांच्या व्हरांड्यात येऊन बसला. हातात एक कागद होता. शुक्रवारी पोलिसांना द्यायचा जबाब. त्याला फक्त शुद्धलेखन तपासून हवं होतं.

ॲन्टोनेटबाईंनी एकतीस वर्षं भायखळ्याच्या एका तंत्रशाळेत फिटरच्या वर्गातली मुलं शिकवली होती. चिंचपोकळीपासून परळपर्यंत निम्म्या गाळ्यांत त्यांना ‘मिस’ म्हणत. रेमंड त्यांच्याच हाताखाली कानस धरायला शिकला. आज पंचावन्न वर्षांचा होता, रोबोंसाठी हात बनवायचा, आणि मिससमोर बसताना अजून पाय जवळ घ्यायचा.

कागदावर लिहिलं होतं:

‘आमच्या चिंचपोकळी येथील कार्यशाळेत सोमवारी, ग्राहकांना प्रात्यक्षिक दाखवताना, रोबोच्या हातातून काच निसटून कर्मचारी दगडू तळेकर, वय ६२, यांचा मृत्यू झाला. रोबोसाठी केलेली ग्रिपरची निवड चुकीची होती. ही निवड कु. अक्षदा राणे यांनी केली.’

मिसनी लाल पेन उघडलं. पहिल्या वाक्यावरून ते न थांबता गेलं. दुसऱ्यावर थांबलं.

“वेलांट्या बरोबर आहेत,” त्या म्हणाल्या. “वाक्य बरोबर आहे का?”

रेमंडने सांगितलं की काच पडली, म्हणजे ग्रिपर, रोबोच्या हाताची पकड, चुकला. सुशांत, त्याचा प्रोग्रामर, पहिल्यापासून म्हणत होता की दोन बाजूंनी पकडणारा जबडा लावा. अक्षदा म्हणाली व्हॅक्यूम लावा, रबराच्या सहा वाट्या, हवा ओढून धरतील. तिचं ऐकलं, आणि माणूस गेला.

“तिचं का ऐकलंस?”

“जबड्याने काचेच्या कडा उडतात, मिस.”

“म्हणजे निवड बरोबर होती.”

वाडीच्या तोंडाशी कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती होत नव्हती.

“नाव तर कुणाचंतरी लागणार,” रेमंड म्हणाला.

अक्षदा, रोबोचा हात आखणारी मुलगी, सव्वीस वर्षांची होती. हा कागद असाच गेला तर तिच्यावर निष्काळजीपणाने माणूस मारल्याचा गुन्हा दाखल होणार होता. मिसनी पेनचं टोपण लावलं आणि चपला शोधायला उठल्या.

वाटी २

गाळ्याच्या मागच्या अंगाला पत्र्याच्या छपराची एक वेगळी खोली होती. तिला एसी होता, पण सोमवारपासून वीज बंद करून ठेवली होती. पंचनामा झाला होता. भर दुपारी आत भट्टी पेटल्यासारखं वाटत होतं. जाळीच्या पिंजऱ्यात रोबो मान टाकून उभा होता. मनगटाला चौकट, चौकटीला सहा काळ्या वाट्या: चार पिंजऱ्याच्या दाराच्या बाजूला, दोन पलीकडे, भिंतीकडे.

अक्षदा दाराबाहेर उभी राहूनच बोलली. आत यायला तयार नव्हती.

निवड कशी केली ते तिने धड्यासारखं सांगितलं. काच अठ्ठेचाळीस किलोची. हात ती आडवी उचलणार आणि मग उभी करणार, कारण इमारतीला काच उभी बसते. काच आडवी असते तेव्हा वाट्यांची ओढ सरळ वजन पेलते. उभी केली की वजन खाली आणि ओढ बाजूला. मग काच धरून ठेवतं ते फक्त रबराचं घर्षण. म्हणून तिने चौपट जोर धरला होता. तीन महिन्यांत तीनशे बारा वेळा काच उभी केली, एकदाही केसभर हलली नाही.

“आणि सोमवारी?”

“तीनदा नीट केली. मग सरांनी भाषण केलं. चौथ्यांदा उभी केली, हात थांबला, लोक टाळ्या वाजवत होते. तेव्हा.”

“हवा सुटली?”

“नाही ना मॅडम.” पहिल्यांदा तिचा आवाज वर गेला. तिने मोबाइलवर रोबोची नोंद दाखवली. ओढीची रेघ शेवटच्या सेकंदापर्यंत सपाट होती. वाट्यांनी काच सोडलीच नव्हती. “मी दोन दिवस हीच रेघ बघतेय. ही सरळ आहे म्हणजे माझं बरोबर आहे. पण काका तर गेले.”

मिसनी विचारलं की दगडू पिंजऱ्याच्या आत काय करत होता.

अक्षदाने मान खाली घातली. हे तिने पोलिसांना सांगितलं नव्हतं. एका पाहुण्याने मोबाइलवर सगळं टिपलं होतं, तिने ते पुन्हा पुन्हा पाहिलं होतं. काच उभी राहते. दगडूकाका जाळीचं दार उघडतात. आत जातात. दोन्ही हात वर करून काचेखाली उभे राहतात. आणि त्यानंतर काच घसरते.

“त्यानंतर?”

“त्यानंतर. काच हलायच्या आधीच ते धावले, मॅडम. त्यांना कसं कळलं?”

वाटी ३

सुशांत बोलायला उत्सुक होता, आणि तेच मिसना खटकलं. रविवारी गाळ्यात कोण होतं, या प्रश्नावर तो म्हणाला, मीच, दुपारी चारपर्यंत, प्रोग्रामचा शेवटचा हात फिरवत होतो. तो गेला तेव्हा दगडूची बायको शांता झाडू घेऊन येत होती. ती रोज गाळा झाडते. बाकी वेळ लालबागमध्ये लोकांच्या घरी काम करते.

“तिचं आणि रेमंडचं बरं आहे?”

सुशांत हसला, मग कुठे बसलोय ते आठवून थांबला. मागच्या महिन्यात तिने लादी पुसताना वायरींवर पाणी सांडलं होतं. सरांनी सगळ्यांसमोर सुनावलं की पुन्हा यंत्राला हात लागला तर उद्यापासून यायचं नाही. दगडूकाका खाली बघत उभे होते. नंतर आठवडाभर डबा एकट्याने खाल्ला.

“आणि तू? तुझा जबडा बाजूला पडला. वाईट वाटलं असेल.”

“वाटलं,” तो म्हणाला. “पण मिस, मला त्या पोरीला खोटं पाडायचं होतं, काकांना मारायचं नव्हतं.”

सोमवारी काही वेगळं केलं का, असं मिसनी विचारलं. त्याने नाही म्हटलं. मग म्हटलं, एसी बंद केला. तिसऱ्या फेरीनंतर, सरांच्या भाषणात त्याचा आवाज येत होता म्हणून. भाषण वीस मिनिटं चाललं. अकरा पाहुणे, दार उघडं. लोक घामेजले होते. मग त्याने त्याच सुमाराचा एक फोटो दाखवला. तिसऱ्या फेरीनंतर, भाषणाच्या आधी, काच टेबलावर आडवी ठेवलेली. कंपनीच्या पानावर टाकायला काढला होता.

मिसनी चष्मा कपाळावर सरकवला आणि मोबाइल डोळ्यांशी धरला. काचेवर सहा गोल वलयं होती, वाट्या टेकल्या तिथे. चार पुसट. दोन मात्र पांढरी, जाड, चुन्याने काढल्यासारखी.

त्या पुन्हा त्या तापलेल्या खोलीत गेल्या. काचेचे तुकडे कोपऱ्यात गोणपाटावर रचले होते. मोठे तुकडे एकेक करून त्यांनी उजेडात धरले. अक्षदा बाहेरून बघत होती. सुशांत दारात.

एकाही तुकड्यावर पांढरं काही नव्हतं.

“सोमवारपासून खोलीची किल्ली कुणाकडे आहे?” मिसनी विचारलं.

“सरांकडे,” दोघं एकदम म्हणाले, आणि एकमेकांकडे बघायचं टाळलं.

वाटी ४

जाताना मिसनी फळ्यासमोर उभं राहून ‘…पाणी – दगडू’ वाचलं. रेमंड म्हणाला, तो शनिवारी कामं लिहितो, सोमवारी घाईत तळहाताने पुसून वर स्वागत लिहिलं. काय लिहिलं होतं आठवत नाही, दगडूला पाण्याच्या बाटल्या आणायला सांगितल्या असतील. त्याचे डोळे सुजलेले होते. दगडू त्याच्याकडे बावीस वर्षं होता, गिरणी बंद झाल्यापासून.

त्यांनी काचेचा एक तुकडा मागितला. चौकटीची भिंतीकडची बाजू, जिथे फोटोत जाड वलय होतं, तिथला. रेमंडने न विचारता गोणपाटात गुंडाळून दिला. काही पुसून टाकलेला माणूस असा देत नाही, असं मिसना वाटलं. पण वाटणं हा पुरावा नव्हे, असं त्या स्वतःच एकतीस वर्षं सांगत आल्या होत्या.

तुकडा त्यांनी व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवला. प्रार्थना केली, जेवल्या, झोपल्या.

गुरुवारी पहाटे थंडी होती. वाडीतल्या लाकडी जिन्यांवर दव बसलं होतं. मिस शाल गुंडाळून चहाचा कप घेऊन बाहेर आल्या आणि कप हातातच राहिला.

वलय परत आलं होतं.

पांढरं, जाड, पूर्ण अर्धा गोल, तुकडा फुटला होता तिथपर्यंत. आणि त्याला एक शेपटी होती. गोलापासून एका बाजूला ओढलेली, चार बोटं रुंद, सरळ. वाटी काचेला चिकटलेलीच होती आणि काच तिच्यावरून खाली सरकत गेली होती, त्याची खूण.

मिस बराच वेळ उभ्या राहिल्या. मग ऊन कठड्यावर आलं. वलय कडेपासून विरत गेलं, आणि थोड्या वेळाने काच पुन्हा स्वच्छ दिसायला लागली. कुणी काही पुसलं नव्हतं.

त्यांनी तुकड्यावरून बोट फिरवलं. वास घ्यायची गरज नव्हती, तरी घेतला. त्यांच्या न्हाणीघरातल्या फळीवर तेच बाटलीत होतं. आज सकाळी तेही गोठलेलं होतं.

खोबरेल. गिरणीकामगार यंत्राला खोबरेल लावत नाही. प्रोग्रामर लावत नाही, मालक लावत नाही. ज्याच्या घरात दुसरं तेलच नाही असं माणूस लावतं. किंवा ज्याच्या कामाचं तेल तेच आहे असं.

वाटी ५

लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर शांता तळेकर भिंतीला टेकून बसली होती. शेजारची कांता चहा देऊन गेली, जाताना दाराशी मिसना म्हणाली की खाली नातीला चोळायला कुणी नाही, पोर रडून काळीनिळी होते, पण हिला विचारायचं कसं. वीस वर्षं या आळीतली सगळी बाळं शांतानेच चोळलीत. तिचा हात लागला की पोर झोपतं.

मिसनी इकडचं तिकडचं विचारलं. गावाला कळवलं का. मुलगा दुबईहून कधी येतो. मग रविवारचं विचारलं.

शांताने काही लपवलं नाही. तिला लपवण्यासारखं काही ठाऊकच नव्हतं.

शनिवारी दगडू घरी आला तो गुडघे धरून. म्हणाला, साहेबांनी फळ्यावर काम लिहिलंय, सोमवारी पाहुणे आहेत, पण माझ्याच्याने त्या पिंजऱ्यात वाकवत नाही, तू झाडायला जाशील तेव्हा उरकून टाक. साहेबांना कळू देऊ नको.

“काय काम?”

“नव्या हाताचं तेलपाणी.”

मिसच्या डोळ्यांसमोर फळा आला. खडूचे अर्धे पुसलेले शब्द. पाण्याच्या बाटल्यांशी त्यांचा काही संबंध नव्हता. गाळ्यांतून तेलपाणी म्हणजे देखभाल. धूळ झाडा, फिल्टर बघा, स्क्रू आवळा. त्यात तेल असेलच असं नाही, पाणी तर नसतंच. मिसनी स्वतः हा शब्द हजार वेळा वापरला होता. आणि बाळंतिणीच्या घरी तेलपाणी म्हणजे तेल आणि पाणी.

शांता हाताने दाखवत होती. पहिल्यांदा ओल्या फडक्याने पुसलं. मग त्या वाट्या बघितल्या, कशा कोरड्या, भेगाळल्यासारख्या, टाचा असतात तशा. बाटली पिशवीतच होती, सकाळी खालच्या बाळाला चोळलं तेव्हापासून ना. एकेक वाटी घेतली आणि आतून-बाहेरून चोळली.

“मऊ झाल्या,” ती म्हणाली. “काळ्या कुळकुळीत. ह्यांना म्हटलं, बघा जाऊन, तुमच्या रोबोला न्हाऊमाखू घालून आले. हसले.”

“वाट्यांनाही तेल लावलंस, हे सांगितलंस?”

“ते कशाला सांगायचं. तेलपाणी म्हटल्यावर तेल आलंच.”

कोपऱ्यात हॉस्पिटलची पिशवी होती. मिसनी विचारलं, उघडली का नाही. शांता म्हणाली, उघडून काय करू. मग तिनेच ती ओढून गाठ सोडली. चष्मा. पास. कपाटाची किल्ली. आणि चौकड्यांचा निळा रुमाल, घडी न घातलेला, चुरगळलेला, ताठ. सकाळची थंडी खोलीत अजून होती. रुमालावर पांढरे, मेणासारखे डाग होते.

शांताने तो नाकाशी नेला. बराच वेळ तसाच धरला. ती जेव्हा बोलली तेव्हा गावच्या बोलीत बोलली, मिसशी नव्हे, रुमालाशी बोलल्यासारखी.

“ह्येंच्या रुमालाक खोबरेल कित्याक लागलां?”

मिसनी उत्तर ठाऊक असताना खोटं बोलायची सवय लावून घेतली नव्हती. ते त्यांना नीट जमलं नाही.

“ठाऊक नाही, शांता,” त्या म्हणाल्या.

शांता त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने रुमालाची घडी घातली, आणखी एक घातली, आणि मांडीखाली ठेवला.

वाटी ६

शुक्रवारी दहाला रेमंडच्या केबिनमध्ये चौघं बसले. मिसनी सांगितलं ते थोडक्यात असं.

निवड बरोबर होती. वाट्यांची ओढ शेवटपर्यंत सुटली नाही, रोबोची नोंद तेच सांगते. काच सुटली नाही, घसरली. घसरली कारण वाट्यांवर खोबरेल होतं. सोमवारी सकाळी एसी चालू होता, तेल गोठलेलं होतं, तीन फेऱ्या ते मेणासारखं तग धरून राहिलं. मग एसी बंद झाला, दार उघडं राहिलं, वीस मिनिटं अकरा माणसांच्या श्वासाने खोली तापली. चौथ्या फेरीला तेल पातळ झालं होतं. कॅटलॉगमध्ये तेलकट काचेची ओळ तिसरी आहे. तो आकडा घेतला असता तर सहाच्या जागी पंचवीस वाट्या लागल्या असत्या, आणि असा हात कुणी बनवत नाही, कारण वाट्यांना तेल लावायचं नसतं हे सगळे धरून चालतात.

एसीचं नाव निघाल्यावर सुशांतने डोळे मिटले ते उघडले नाहीत. अक्षदा रडली नाही. तिने विचारलं की पन्नास ग्रॅम तेलासाठी मी एक ओळ तरी का लिहिली नाही, ‘वाट्या कोरड्या ठेवा’ म्हणून.

“लावलं कुणी?” रेमंडने विचारलं.

मिसनी त्याच्यासमोर त्याचाच कागद ठेवला. दुसरं आणि तिसरं वाक्य लाल रेघेने खोडलं होतं. खाली त्यांच्या गोल अक्षरांत लिहिलं होतं: ‘मी, रेमंड मिरांडा, शनिवारी फळ्यावर “नव्या हाताचं तेलपाणी – दगडू” अशी सूचना लिहिली. तेलपाणी म्हणजे काय करायचं आणि काय करायचं नाही, हे मी लिहिलं नाही व सांगितलं नाही. सूचनेप्रमाणे वाट्यांना तेल लावण्यात आलं. ग्रिपरची निवड योग्य होती.’

रेमंडने ते दोनदा वाचलं. ‘लावण्यात आलं’ या शब्दांवर त्याचं बोट थांबलं. बावीस वर्षं तो दगडूबरोबर डबा खात आला होता. त्याच्या बायकोच्या हाताला कसला वास येतो ते त्याला ठाऊक होतं. मिसनी त्याच्या चेहऱ्यावर ते कळताना पाहिलं.

“यात माझं एकट्याचंच नाव आहे,” तो म्हणाला.

“नाव तर कुणाचंतरी लागणार.”

बाहेर कुणीतरी ग्राइंडर सुरू केला आणि लगेच बंद केला. मग त्याने सही केली, तारीख घातली, आणि कागद अक्षदाकडे दिला, वाचायला. ती वाचत असताना तो उठून फळ्यापाशी गेला, कापडाने तो वरपासून खालपर्यंत पुसला आणि खडू उचलून खिडकीतून फेकून दिला.

“पण मिस,” सुशांत हळूच म्हणाला, “फोटोत चार वलयं पुसट होती. म्हणजे चार वाट्या कुणीतरी पुसल्या होत्या. कुणाला तरी माहीत होतं.”

अक्षदाने कागदावरून मान वर केली. काच हलायच्या आधीच जाळीचं दार उघडणारा माणूस तिने पन्नास वेळा पाहिला होता.

मिसनी लाल पेन पर्समध्ये टाकलं आणि पर्स बंद केली. जिना उतरताना त्यांनी कठडा धरला. खाली रस्त्यावर ऊन आलं होतं. समोरच्या टॉवरला काचा बसवायचं काम चालू होतं, दोरावर लोंबकळणारी माणसं हातांनीच बसवत होती.

सोमवारी सकाळी पावणेदहाला दगडूने वाट्यांना बोट लावून वास घेतला, खिशातला रुमाल काढून दाराकडच्या चार वाट्या पुसल्या, भिंतीकडच्या दोन वाट्यांपर्यंत वाकताना त्याचा गुडघा आखडला, आणि तेवढ्यात पाहुणे आले.